गॅलार्डोच्या दाराची काच: क्लेम करावा की खिशातून भरावं?

नमस्कार.

तुमचं पत्र, तिन्ही कोटेशनं आणि पॉलिसीची प्रत नीट वाचली. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही सांगलीत विश्रामबागला राहता. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखा तुमच्या घरचाही गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, व्यवसाय परराज्यात आहे. 2011 सालची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो तुम्ही सेकंडहँड घेतलीत. बंगल्याच्या आवारात गवत कापायचं मशीन चालू असताना खडा उडाला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची काच भुगा होऊन खाली आली. मुंबईच्या अधिकृत वर्कशॉपनं 3 लाख 42 हजार सांगितले आणि काच यायला तीन महिने. पुण्यात अशाच गाड्यांची कामं करणारं एक खासगी वर्कशॉप आहे. ते इंग्लंडहून जुनी पण मूळ काच आणून 1 लाख 55 हजारांत बसवून द्यायला तयार आहे, आणि नवी मूळ काच हवी असेल तर 2 लाख 15 हजार. सांगलीतल्या काचवाल्यानं 45 हजारांत काच घडवून देतो म्हटलं. तुम्ही विचारता, कुठे जाऊ, क्लेम करू का, बिल फर्मच्या नावावर घेऊ का, आणि पैशांसाठी एफडी मोडू का.

माझं मत आधी सांगतो. पुण्याला द्या, पण नवी काच मागवा, आणि क्लेम करू नका. मुंबईचा विचार एकाच परिस्थितीत करा, ती पुढे येते.

क्लेमपासून सुरुवात करू, कारण वर्कशॉपचा निर्णय त्यावरच फिरतो. मोटार विम्यात काचेवर घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) कापत नाहीत, गाडी कितीही जुनी असो. ही गोष्ट बऱ्याच गाडीमालकांना ठाऊक नसते. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र 50 टक्के कापतात, आणि दहा वर्षांपुढच्या गाडीच्या इतर बहुतेक भागांवरही 50 टक्के. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा माफ करणारं जादा संरक्षण, सहसा मिळत नाही, तुमच्या पॉलिसीतही नाही. आता मुंबईचं कोटेशन करांसह फोडून पाहा: काच 2 लाख 10 हजार, रबर चॅनल आणि बीडिंग 38 हजार, काच वर-खाली करणारी मशीन 46 हजार, मजुरी 48 हजार. काच आणि मजुरी पूर्ण मिळेल. रबराचे 19 हजार आणि मशीनचे 23 हजार कापले जातील. 1500 सीसीवरच्या गाडीला 2 हजारांचा सक्तीचा डिडक्टिबल (मालकानं स्वतः सोसायची रक्कम) असतो, तोही जाईल. म्हणजे कंपनी साधारण 2 लाख 98 हजार देईल आणि तुमच्या खिशातून 44 हजार जातील. एवढंच पाहिलं तर कुणीही क्लेम करेल.

पण तुमच्या पॉलिसीवर 50 टक्के नो क्लेम बोनस आहे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत. तो पायरी-पायरीनं चढतो: 20, 25, 35, 45 आणि मग 50. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. तुमचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनस वजा करण्याआधी 1 लाख 80 हजार आहे. तो तेवढाच राहील असं धरलं, तर पहिल्या वर्षी 90 हजारांची सवलत गेली, दुसऱ्या वर्षी 54 हजारांची, मग 45, मग 27 आणि पाचव्या वर्षी 9 हजारांची. बेरीज 2 लाख 25 हजार. गाडीची ठरवलेली किंमत वर्षागणिक उतरत गेली तर हा आकडा थोडा कमी होईल, पण चित्र बदलत नाही. 50 टक्के बोनस असलेल्या माणसाला एका क्लेमची किंमत वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट पडते. त्याखालचा क्लेम करणं म्हणजे कंपनीकडून घेतलेले पैसे तिलाच हप्त्यानं परत करणं आहे.

म्हणून मुंबई अधिक क्लेम याचा खरा खर्च 44 हजार नाही, 2 लाख 69 हजारांच्या आसपास आहे. पुण्यात नवी काच खिशातून बसवली तर 2 लाख 15 हजार. तेच पुण्याचं बिल क्लेम केलं तर हाती 2 लाखांच्या आसपास येईल आणि बोनसपोटी जातील त्याहून जास्त.

दोन वर्षांत गाडी विकायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. इथे एक बारकावा आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या कारवर तो लावता येतो. म्हणजे गॅलार्डो गेली तरी क्लेमचा फटका पुढच्या गाडीवर येईल, फक्त ती स्वस्त असेल तर लहान होऊन येईल. दोन नूतनीकरणांचे 90 आणि 54 हजार धरले तरी मुंबईचा खर्च 1 लाख 88 हजारांवर जातो, वर पुढच्या गाडीवरचं नुकसान. तेव्हा पुण्यात आणि मुंबईत फारसा फरक उरत नाही हे मी मान्य करतो. पण पॉलिसीच्या शेवटच्या पानावरची अॅड-ऑनची (जादा पैसे भरून घेतलेल्या संरक्षणांची) यादी तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये कापली गेली आहे. तिथे बोनस सुरक्षित ठेवणारं अॅड-ऑन असेल, तर वरचं सगळं गणित उलटतं. मग बिनधास्त क्लेम करा आणि मुंबईलाच द्या. एजंटच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, ते पान स्वतः वाचा.

क्लेम करायची थोडीही शक्यता असेल तर दाराला हात लावण्याआधी कंपनीला कळवा. 50 हजारांवरच्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयरची पाहणी लागते, आणि दार आधीच उघडलेलं असलं की त्याला काहीच तपासता येत नाही. कळवल्यावर विचार बदलला तर क्लेम एकही रुपया न देता बंद झाल्याचं कंपनीकडून लेखी घ्या, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी वाद होणार नाही.

आता पुण्याच्या 1 लाख 55 हजारांच्या प्रस्तावाबद्दल. किंमत पाहून तुमचं मन तिकडे ओढलं जातंय हे पत्रात दिसतं. गॅलार्डो 2003 ते 2013 या काळात 14,022 बनल्या. तिच्यानंतरची हुराकान येऊनही बरीच वर्षं झाली. त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या इंग्लंडमध्ये मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग मिळतात, यात खोटं काही नाही. तुमची गाडी लॅम्बोर्गिनीचीच मुर्सिएलागो असती तर एवढीही सोय नसती, त्या जगात 4,099च बनल्या. पण आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात वापरलेल्या मालाची आयात, यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडून, प्रतिबंधित आहे. त्यासाठी सरकारची परवानगी लागते. ती नसताना पार्सल आलं तर कस्टममध्ये अडकतं, दंड बसतो, माल जप्तही होऊ शकतो. वर्कशॉपकडे परवानगी आहे का हे त्यांना एका ओळीत विचारा. 'आम्ही नेहमी आणतो' हे त्याचं उत्तर नव्हे. पार्सल अडकलं की तुमचा अॅडव्हान्सही अडकला. 60 हजार वाचवायला ही जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. अशी काच भारतातच कुणाकडे पडून असेल आणि पक्क्या बिलावर मिळत असेल, तर मात्र ती जरूर घ्या.

सांगलीच्या काचवाल्यांना कमी लेखू नका, पण हे काम त्यांना देऊ नका. दाराची काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, असते. टफन केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. आधी माप, भोकं आणि बाक सगळं साच्यावर अचूक घ्यायचं आणि मग भट्टीत घालायची. तुमच्या गाडीसारख्या फ्रेम नसलेल्या दारात काच वर आली की थेट छताच्या रबरावर टेकते. बाकात थोडाही फरक राहिला तर वेगात वारा शिट्टी घालतो, पाणी आत येतं आणि मशीनवर ताण पडून तीही जाते. दुसरं म्हणजे, मूळ काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, गोलात ई आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा (इटलीचा 3), असा शिक्का असतो. अशा गाडीचं गिऱ्हाईक दोन्ही दारांचे शिक्के ताडून पाहतं. एक काच बिनशिक्क्याची दिसली की अपघाताची शंका येते, आणि किंमत पाडायला तेवढं निमित्त पुरतं. 45 हजारांत भागलं म्हणून आज बरं वाटेल, विकताना त्याच्या कितीतरी पट सोडावे लागतील. शिवाय नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के उजेड आत आला पाहिजे, तेव्हा 'जरा काळी देतो' कुणी म्हणालं तरी नको.

त्या काचवाल्यांकडून एक काम आजच करून घ्या. दाराच्या मापाची पारदर्शक अॅक्रिलिक शीट कापून बाहेरून नीट बसवायला सांगा, रंगाला चिकटपट्टी न लावता. काच यायला पावसाळा उजाडू शकतो. गाडीचं नुकसान टाळण्यासाठी मालकानं वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी अट मोटार पॉलिसीत असते. उघड्या खिडकीतून पाणी जाऊन आतलं लेदर आणि वायरिंग गेलं तर ते नुकसान मागताना तुमची बाजू लंगडी पडेल. आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णा चढू लागली की सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. 2019 आणि 2021 चे पूर आपण पाहिलेत. गाडी सखल जागी असेल तर आत्ताच उंचावर हलवा.

पुण्याशी व्यवहार कसा करायचा ते महत्त्वाचं, कारण स्वस्त-महाग यापेक्षा काही बिघडलं तर भुर्दंड कुणी सोसायचा, यावर मी वर्कशॉप निवडतो. तुमच्या कोटेशनमध्ये '70 टक्के अॅडव्हान्स' आहे आणि जबाबदारीबद्दल एक अक्षर नाही. प्रोफॉर्मावर (कामाआधी मिळणाऱ्या अंदाजी बिलावर) काचेचा पार्ट नंबर आणि तुमच्या गाडीचा चॅसिस नंबर दोन्ही लिहून घ्या. प्रवासात किंवा बसवताना काच फुटली तर दुसरी त्यांच्या खर्चानं, हे वाक्य जसंच्या तसं हवं. कस्टम ड्युटी काच, भाडं आणि प्रवासाचा विमा यांच्या एकूण रकमेवर लागते, त्यावर अधिभार आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). म्हणून विमानानं मागवली की भाड्यासोबत करही वाढतो. 2 लाख 15 हजारांत हे सगळं धरलंय की 'ड्युटी वेगळी', हे स्पष्ट करून घ्या. अॅडव्हान्स तीस-चाळीस टक्क्यांवर आणा, बाकी काच पुण्यात पोचून तुम्ही शिक्का पाहिल्यावर.

आणखी एक विचारा: त्यांचे कारागीर सांगलीला येतील का? दाराच्या काचेला लिफ्ट लागत नाही, धूळ नसलेली बंद जागा लागते. सांगली-पुणे सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त आहे, त्यात खंबाटकी घाट. एवढ्या खाली बसलेल्या गाडीला लांब रॅम्पचा फ्लॅटबेड ट्रक लागतो, आणि ते येण्या-जाण्याचं भाडं तिन्ही कोटेशनांत कुठेच नाही. कारागीर आले तर तो खर्च बराच वाचेल. काम होताना तुम्ही समोर थांबा. दाराचं पॅड काढल्यावर तळात साबुदाण्याएवढे काचेचे कण साचलेले दिसतील. ते व्हॅक्युमनं पूर्ण निघाले पाहिजेत, दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी झाली पाहिजेत. एक कण रबर चॅनलमध्ये राहिला तर नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभी रेघ उठेल. काच फुटल्यावर चालकानं बटण दाबून पाहिलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मशीनही तपासायला सांगा. पण तपासण्याआधीच नवी मशीन बिलात येऊ देऊ नका. मुंबईनं ती न पाहताच धरली आहे.

फर्मच्या नावावर बिल घेऊन जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. 13 पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवरचं आणि विम्यावरचं क्रेडिट कायद्यानंच अडवलंय, भाड्यानं गाड्या देणं वगैरे धंदा असेल तरच अपवाद. गाडी तुमच्या नावावर आहे, वापर घरचा आहे, बिल तुमच्याच नावावर घ्या. पैसे बँकेतून द्या. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात बंदी आहे. आणि पक्कं बिल व बँकेची नोंद हाती असेल तर विकताना मूळ काच बसवल्याचा तोच पुरावा.

एफडी मोडू नका, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली तर मुळीच नाही. तुमच्या लिक्विड फंडात 6 लाख आहेत, त्यातून हे सहज निघतं आणि एसआयपीला धक्का लागत नाही. त्यानंतर मात्र दरमहा ठरावीक रक्कम गाडीसाठी वेगळ्या खात्यात टाका. उत्पादन थांबलेल्या गाडीत सोन्यापेक्षा घडणावळ भारी असते, तुमच्या धंद्यात हे कुणी समजावून सांगायला नको. पुढचा खर्च क्लचचा किंवा ब्रेकचा असेल, आणि त्याला विमा एक पैसा देणार नाही. किती टाकायचे ते गेल्या तीन वर्षांची सर्व्हिस बिलं पाठवलीत की ठरवू.

तोवर दोन कागद पाठवा: पॉलिसीचं ते राहिलेलं पान, आणि पुण्याचा सुधारित प्रोफॉर्मा. पान आज-उद्याच पाठवा, कारण क्लेम करायचाच ठरला तर कंपनीला कळवायला उशीर होता कामा नये.