बागेत गेलं की जास्तच एकटं वाटतं

‘सगळे म्हणतात, झाडाझुडपांत जा, बरं वाटेल. मी जातो आणि येताना आणखी उदास होऊन येतो. माझंच काही बिघडलंय का?’ पत्नीच्या निधनानंतर एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बिघडलं काहीच नव्हतं. जाण्याची पद्धत चुकत होती.

ते रविवारी संध्याकाळी जात आणि मधल्या बाकावर तासभर बसून राहत. त्या वेळी बागेत सगळी कुटुंबं आणि जोडपी. झाडं समोर असूनही नजर जायची ती आपल्याकडे नसलेल्या सोबतीवर. त्यात डोळ्यांना काही काम नसलं की मन तेच तेच उगाळतं. नुसतं शरीर बागेत नेऊन भागत नाही, लक्षही तिकडे लागावं लागतं.

म्हणून आधी वेळ बदलली. सकाळी लवकर, साधारण 25 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवर 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. तो वेळ एका दमात घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. हा केवळ संबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण सुरुवातीला एक ढोबळ माप म्हणून ते चालतं.

मग एकच झाड निवडायला सांगितलं. दहा-पंधरा मिनिटं चालून त्याच्यापाशी थांबायचं आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते शोधायचं: नवी पालवी, सालीवरची मुंग्यांची रांग, कुरतडलेलं पान. रोज नवी जागा पाहिली तर हा बदल कळतच नाही, ओळखही होत नाही. घरी आल्यावर वहीत एक ओळ, तीही फक्त दिसलेल्याची. ‘आज उदास वाटलं’ असं लिहिलं की लक्ष परत स्वतःकडे वळतं. फोटो मात्र नको. फोटो काढला की ‘आता हा पाठवू कुणाला?’ हा प्रश्न हमखास येतो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना कंटाळा आला. तो येतोच, तेव्हा वेळ कमी करावा, पण खंड पाडू नये. पावसाच्या दिवशी खिडकीतून दिसणारं झाडही चालतं. एकदा चालताना पत्नीच्या आठवणीने रडू आलं, तेव्हा ते घाईने घरी परतले. अशा वेळी थांबावं, रडू येऊ द्यावं, मग पावलांकडे लक्ष देत सावकाश पुढे चालावं. हे दुःख आहे, उपाय फसल्याची खूण नाही.

झाड मन हलकं करतं, पण विचारपूस करत नाही. म्हणून महिन्याभराने पुढचं काम दिलं: वहीतली एक ओळ आठवड्यातून एकदा कुणाला तरी फोनवर सांगायची. त्यांनी भावाची निवड केली आणि वेळ ठरवली रविवार संध्याकाळची, कारण ती अजूनही जड जाते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कशातलाही रस गेलेला असेल, तर केवळ फिरण्यावर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावं. जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी.