विमानतळाच्या बंदोबस्ताला जाण्याआधी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

विमानतळाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला नेमणूक झाल्याचं तुझ्या मेसेजवरून कळलं. आनंद झाला. त्याच मेसेजमध्ये तू विचारलं आहेस, "सर, राजकीय जमाव टर्मिनलमध्ये घुसला आणि हाणामारी सुरू झाली, तर पहिलं काय करायचं?" हे फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. एका बैठकीत वाच.

टर्मिनलच्या आतली सुरक्षा आपल्याकडे सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे, हे तुला माहीत आहेच. डिसेंबर १९९९ मध्ये विमान कंदाहारला पळवून नेलं, त्यानंतर २००० पासून एकेक विमानतळ त्यांच्याकडे गेला. बाहेरचा रस्ता, पार्किंग, रिक्षा-टॅक्सीची रांग, मेट्रोचा जिना हे सगळं तुमचं. म्हणजे जमाव आधी तुझ्यासमोर येणार. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे ठाण्याचा प्रभारी जागेवर नसेल, तर बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम उपनिरीक्षकही देऊ शकतो. वरिष्ठ ट्रॅफिकमध्ये अडकले असतील तर तो हुकूम तुझ्या तोंडून जाईल. याची मनाची तयारी आजच करून ठेव.

आता तुझा प्रश्न. माझं स्पष्ट मत असं की विमानतळावरचा राडा बहुतेक वेळा विमानतळावर सुरू होत नाही. तो आधी दुसऱ्याच कुठल्या रस्त्यावर पेटलेला असतो, आणि पुष्कळदा पोलिसांच्याच एखाद्या कृतीतून. हाँगकाँगचं उदाहरण नीट समजून घे. त्या तीन-चार दिवसांत आपल्या कामाला लागणारं जवळजवळ सगळं आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध, म्हणजे आरोपींना खटल्यासाठी चीनच्या हवाली करू देणाऱ्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध, तिथे प्रचंड मोर्चे निघत होते. जुलैअखेर विमानतळावरही धरणं झालं होतं, आणि ते शांततेत पार पडलं होतं. लोक आगमन कक्षात जमिनीवर बसायचे आणि येणाऱ्या प्रवाशांना पत्रकं वाटायचे. मग ११ ऑगस्टचा रविवार आला. त्या रात्री त्सिम शा त्सुईमध्ये एका तरुणीच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पोलिसांच्या बीनबॅग गोळीनेच (छर्ऱ्यांनी भरलेली छोटी पिशवी) ती झाली, असं आंदोलकांचं म्हणणं होतं. क्वाय फाँगच्या मेट्रो स्टेशनात, छताखाली, अश्रुधूर सोडला गेला. ताय कू स्टेशनात सरकत्या जिन्यावरून पळणाऱ्या पोरांवर अगदी जवळून मारा झाला. आणि कॉजवे बे भागात आंदोलकांसारखे कपडे घातलेल्या पोलिसांनी गर्दीतून माणसं उचलली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी ते कबूलही केलं.

१२ ऑगस्टला हजारो लोक विमानतळावर आले. कित्येकांनी एका डोळ्यावर पट्टी बांधली होती. दुपारनंतर विमानतळ प्राधिकरणाने उरलेली सगळी उड्डाणं रद्द केली. १३ तारखेला लोक पुन्हा आले, ट्रॉल्या आडव्या लावून प्रवाशांच्या वाटा अडवल्या आणि चेक-इन बंद पडलं. त्या संध्याकाळी जमावाला दोन माणसांचा संशय आला. एक जण साध्या वेशातला पोलीस असावा, असं कोणीतरी ओरडलं. त्याला घेरलं, हात बांधले, मारलं. तो बेशुद्ध पडला तरी कित्येक तास त्याला बाहेर काढता येईना. दुसरा ‘ग्लोबल टाइम्स’ या चिनी वर्तमानपत्राचा वार्ताहर निघाला. त्याला सामानाच्या ट्रॉलीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवलं.

हे कृत्य अमानुष होतं, त्यात दोन मतं नाहीत. वार्ताहराला मारणाऱ्यांपैकी तिघांना २०२१ मध्ये चार ते साडेपाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. पण तू पोलीस अधिकारी आहेस, तेव्हा तुला पुढचा प्रश्न विचारावाच लागेल: आदल्या महिन्यापर्यंत पत्रकं वाटणारा जमाव माणसाला ट्रॉलीला बांधण्यापर्यंत कसा गेला? दोन दिवसांपूर्वी पोलीस त्यांच्यातलेच बनून गर्दीत शिरले होते. त्यानंतर शेजारी उभा असलेला प्रत्येक अनोळखी माणूस त्यांना पोलीस वाटू लागला. साध्या वेशातली माणसं आपणही लावतो, लावावी लागतात. खबर काढायला लाव. पण आंदोलकाचं सोंग घेऊन गर्दीतच झडप घालायची, हे करण्याआधी दहादा विचार कर. त्या रात्री चार आरोपी हाती लागतील आणि पुढच्या आठवड्यात त्याची किंमत दुसराच कोणीतरी निरपराध माणूस मोजेल.

आता त्याच रात्रीचा एक प्रसंग, आपल्या नजरेने बघ. अकराच्या सुमाराला पोलिसांची तुकडी टर्मिनलच्या दाराशी आली. काम एवढंच की जखमीला घेऊन जाणाऱ्या अॅम्ब्युलन्सला वाट करून द्यायची. झटापट झाली, मिरीचा फवारा मारला गेला. त्या धावपळीत एक पोलीस एका आंदोलक मुलीला आवरायच्या नादात आपल्या माणसांपासून तुटला. आठ-दहा जण त्याच्यावर धावून गेले, त्याच्याच हातातली लाठी हिसकावली आणि तिनेच त्याला झोडपू लागले. भिंतीला पाठ लागलेल्या त्या माणसाने पिस्तूल उपसलं आणि रोखलं. गोळी झाडली नाही. जमाव मागे हटला, तेवढ्यात सहकारी पोचले.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. त्या पोलिसाच्या संयमाला मी सलाम करतो. बोट अर्धा इंच आणखी आत गेलं असतं तर सगळ्या जगातल्या प्रवाशांनी भरलेल्या त्या इमारतीत काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. पण त्याच्यावर ती वेळ आली ती जोडीदार सुटल्यामुळे. म्हणून तुझ्या अंमलदारांना रोज फॉल-इनला, म्हणजे ड्यूटीआधीच्या हजेरीला सांग: एकट्याने पुढे जायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे रांग सोडून धावायचं नाही, जोडीदार दिसेनासा झाला की तिथेच थांबून हाक मारायची. आपल्याकडे तरणी पोरं चिडली की ढाल टाकून मागे धावतात. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबवणारा जुना हवालदार प्रत्येक सेक्शनला हवा. असा माणूस मागून घे, भांडून घे.

मग तो विमानतळ मोकळा कसा झाला? मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. लाठीने झाला नाही. १४ ऑगस्टला प्राधिकरणाने न्यायालयाकडून अंतरिम मनाई हुकूम आणला. निदर्शनांना ठरावीक जागा नेमून दिली. तिकीट आणि पासपोर्ट असलेल्यालाच आत सोडायला सुरुवात केली. आदल्या रात्रीच्या मारहाणीने आंदोलकही हादरले होते. त्यांच्यातलेच काही जण दुसऱ्या दिवशी माफीचे फलक घेऊन प्रवाशांसमोर उभे राहिले. कोर्टाचा कागद, दारावरची तपासणी आणि जमावाला स्वतःच वाटलेली लाज, या तिन्हींनी मिळून जागा मोकळी केली. आपल्याकडे टर्मिनलच्या दारावर तिकीट आणि ओळखपत्र तपासतातच, त्यामुळे त्यातली निम्मी व्यवस्था तुला आयती मिळाली आहे. उरलेल्या निम्म्यासाठी विमानतळाच्या व्यवस्थापनाशी आणि सीआयएसएफच्या अधिकाऱ्यांशी तुझी आधीपासून ओळख हवी. दंग्याच्या रात्री फोन करून "मी अमुक बोलतेय" असं सांगायची वेळ आली, तर उशीर झालेला असेल.

अर्थात दारावरच्या तपासणीने राग शमला नाही, हेही तितकंच खरं. १ सप्टेंबरला लोकांनी विमानतळाकडे जाणारे रस्ते अडवले. प्रवासी बॅगा ओढत मैलोन्‌मैल चालत गेले. आंदोलनाच्या पाच मागण्यांपैकी एक पोलिसांच्या वागणुकीची स्वतंत्र चौकशी ही होती. पोलीस एकदा स्वतःच भांडणातला पक्ष झाले की त्यांनी कुठलंही दार कितीही चोख राखलं तरी भांडण मिटवणं त्यांच्या हातात राहत नाही.

याच्या उलट टोकाला बँकॉक आहे. ७ ऑक्टोबर २००८ ला तिथल्या संसदेबाहेर पोलिसांनी अश्रुधुराचा मारा केला. माणसं मेली, कितीतरी जखमी झाली, देशभर टीका झाली. नोव्हेंबरच्या शेवटी सरकारविरोधी आंदोलकांनी, म्हणजे पिवळ्या शर्टवाल्यांनी, सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला तेव्हा त्याच पोलिसांनी हात आखडता घेतला. आणीबाणी जाहीर झाली, पोलीसप्रमुखांना हटवलं, तरी विमानतळ आठवडाभर बंद राहिला आणि लाखो प्रवासी अडकून पडले. शेवटी घटनात्मक न्यायालयाने सत्ताधारी पक्ष विसर्जित केला तेव्हा आंदोलक विमानतळ सोडून गेले. एका ठिकाणी अति केलं की दुसऱ्या ठिकाणी हात उचलायचं बळ राहत नाही. उपनिरीक्षकाला धोरण ठरवता येत नाही, कबूल. पण आपल्या वीस माणसांनी आज किती बळ वापरावं, हे नक्की ठरवता येतं.

आणि जपानचं नारिता. तिथे तर विमानतळ उभा राहण्याआधीच लढाई सुरू झाली. १९६६ मध्ये सरकारने सानरिझुकाच्या शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या जमिनीवर विमानतळ ठरवला. १९७१ मध्ये सक्तीने ताबा घेताना हिंसा झाली. १६ सप्टेंबरला तोहो इथल्या चौकात कानागावा प्रांतातून मदतीला आणलेल्या तुकडीवर हल्ला होऊन तीन पोलीस ठार झाले. भूभाग परका, माणसं परकी. बाहेरून आलेल्या एसआरपीच्या (राज्य राखीव पोलीस दलाच्या) कंपनीला तू नुसता नकाशा हातात देऊ नकोस. सोबत हद्दीतला एक अंमलदार दे, ज्याला गल्ली कुठे फुटते ते ठाऊक आहे. मे १९७७ मध्ये एका तरुण समर्थकाचा डोक्याला अश्रुधुराचं नळकांडं लागून मृत्यू झाला. नळकांडं माणसावर नेम धरून मारायचं नसतं, हे प्रशिक्षणात घोकून घेतात. प्रत्यक्षात हात थरथरतो आणि नळी खाली येते. त्या माणसाच्या शेजारी तू उभी राहा.

पुढच्या वर्षी उद्घाटनाला चार दिवस उरले असताना, २६ मार्च १९७८ ला, पोलिसांची फौज दारांवर जमावाशी झुंजत होती आणि आंदोलकांची एक टोळी गटाराच्या बोगद्यातून आत शिरून नियंत्रण मनोऱ्यात पोचली. हातोड्यांनी यंत्रं फोडली. उद्घाटन २० मेवर गेलं. त्यानंतर नारिताला जाणाऱ्या प्रत्येकाची दारात ओळखपत्र तपासणी होत राहिली, ती २०१५ मध्ये थांबली. एवढ्या वर्षांत बंदोबस्ताने जे साधलं नाही, ते थोडंफार साधलं १९९१ नंतरच्या खुल्या चर्चांनी आणि १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामांनी मागितलेल्या माफीने.

नारिता लांबचं वाटत असेल तर पुण्याजवळचा पुरंदरचा नियोजित विमानतळ आठव. ३ मे २०२५ ला कुंभारवळणमध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, दगड आले, लाठ्या चालल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. उद्या तुला तसल्या बंदोबस्ताला पाठवलं तर तू जाशीलच, जायलाच हवं. पण आदल्या संध्याकाळी गावात जा. सरपंचाच्या ओट्यावर बस, बायकांशी बोल, कोण आजारी आहे, कोणाची दहावीची मुलगी आहे ते माहीत करून घे. सकाळी ढालीच्या पलीकडे तोंडओळखीची माणसं असली की तुझा हात आपोआप जपून पडेल, आणि दगड उचलणाराही क्षणभर थांबेल. हा माझा भाबडेपणा नव्हे, बंदोबस्तात मी हे होताना पाहिलं आहे.

"पहिलं काय करायचं" याचं उत्तर आता देतो. पहिलं, जखमीला आणि वेढलेल्या माणसाला बाहेर काढायची वाट. अॅम्ब्युलन्स कुठल्या दाराला लागेल, स्ट्रेचर कुठून येईल, त्या वाटेवर दोन्ही बाजूंना कोण उभं राहील. हे आधी ठरलं असतं तर हाँगकाँगमध्ये तो माणूस तासन्‌तास पडून राहिला नसता. त्याच्याच जोडीला जमावाला जायला वाट. सगळीकडून कोंडलेला जमाव पांगणार कसा? मेट्रो बंद करायचा सल्ला कोणी दिला तर आधी विचार, मग ही माणसं घरी कशाने जाणार? ध्वनिक्षेपकावरून मराठीत आणि हिंदीत स्पष्ट सांग की कुठल्या रस्त्याने जायचं आहे. नुसतं "पांगा, पांगा" ओरडू नकोस. बंद छताखाली अश्रुधूर वापरू देऊ नकोस. तिथे म्हातारे, तान्ही मुलं, दम्याचे रुग्ण असतात आणि त्यांना धड खिडकीही सापडत नाही. अटक करायची तर व्हिडिओवरून ओळख पटवून, दुसऱ्या दिवशी, घरून. गर्दीच्या पोटात शिरून आरोपी ओढण्यात शौर्य नाही. आणि प्रत्येक इशारा, प्रत्येक लाठी, प्रत्येक नळकांडं वेळेसह स्टेशन डायरीत नोंदव. चौकशी आयोगापुढे तुझी डायरीच तुझ्या बाजूने बोलेल.

हजर झालीस की पहिल्या आठवड्यातच सीआयएसएफच्या एखाद्या निरीक्षकाला सोबत घेऊन टर्मिनलला बाहेरून पायी पूर्ण फेरी मार. दारं, जिने, मालाची वाट, गटारांची झाकणं सगळं बघ. सामानाच्या ट्रॉल्या रात्री कुठे रचून ठेवतात तेही विचार. त्या साखळीने बांधता येतात का ते पाहा. मग एका कागदावर हाताने नकाशा काढ आणि फोटो काढून मला पाठव. मी त्यावर माझ्या शंका लिहून परत पाठवीन.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग. जेवणाच्या वेळा सांभाळ, आणि बंदोबस्तात तुझ्या महिला अंमलदारांच्या शौचालयाची सोय आधी लाव, मग स्वतः पॉइंटवर उभी राहा.

तुझा,
सर