जुन्या ब्रिटिश कॉमिक्समध्ये कॉमिक कसं तयार होतं ते दाखवणाऱ्या गोष्टी असतात. त्या कितपत खऱ्या मानायच्या?

संपादक खोटा, कामगार खरे. त्या गोष्टी मी अशाच वाचतो, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे '२००० एडी' हे साप्ताहिक.

फेब्रुवारी १९७७ मध्ये लंडनच्या आयपीसी कंपनीने ते सुरू केलं. संपादक कोण, तर थार्ग नावाचा हिरव्या कातडीचा परग्रहवासी. वाचकांच्या पत्रांना उत्तरं तोच द्यायचा, वर प्लॅस्टिकचे कप खायचा. कंपनीची खरीखुरी इमारत, किंग्ज रीच टॉवर, हा त्याचा अड्डा. लेखक आणि चित्रकार म्हणजे त्याचे रोबॉट. पुढे थार्गच्याच गोष्टी छापून येऊ लागल्या. रोबॉट मान मोडून पानं काढताहेत, थार्ग खेकसतोय, आणि कामचुकारांना धडा शिकवायला मेक-क्वेक नावाचा अजस्र बुलडोझर-रोबॉट आहेच. लहान वयात याचं हसू येतं. त्या धंद्याची रीत कळल्यावर तेच पान वाचताना वाईट वाटतं. चित्रकाराला पानामागे ठरलेले पैसे मिळायचे आणि सगळे हक्क कंपनीकडे जायचे. पात्र कितीही गाजलं तरी ते घडवणाऱ्याचा त्यावर हक्क नसे. थार्गच्या गोष्टींत हे सगळं विनोदाच्या नावाखाली छापलं गेलं, पण छापलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून मोलाची एक छोटी चौकट आहे. आधी आयपीसीच्या मुलांच्या कॉमिक्समध्ये चित्रकाराचं नाव सहसा येत नसे. '२००० एडी'च्या कला विभागात काम करणाऱ्या केव्हिन ओनील यांनी पानावर श्रेयाची चौकट घालायला सुरुवात केली: स्क्रिप्ट रोबॉट अमुक, आर्ट रोबॉट तमुक, लेटरिंग रोबॉट आणखी कोणी. फुग्यांतली अक्षरं लिहिणारा वेगळा माणूस असतो, हे कित्येक मुलांना तिथेच पहिल्यांदा कळलं असणार. एक कॉमिक किती हातांतून जातं, हे संपादकाच्या केबिनचं चित्र काढून जितकं कळत नाही तितकं त्या चौकटीतून कळतं.

हे किती महत्त्वाचं होतं ते डंडीकडे पाहिल्यावर समजतं. 'डँडी' (१९३७) आणि 'बीनो' (१९३८) काढणारी डी. सी. थॉमसन ही कंपनी स्कॉटलंडमधल्या या शहरातली. तिथे चित्रकारांना सही करू देत नसत. डडली वॉटकिन्स यांना तेवढी सूट होती. १९५४ मध्ये लिओ बॅक्सेंडेल यांनी 'बीनो'त एका शाळेतल्या वांड पोरांची मालिका सुरू केली, तीच पुढे 'बॅश स्ट्रीट किड्स' म्हणून प्रसिद्ध झाली. कंपनीच्या खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या मैदानावरून ती सुचली, असं सांगतात. १९६२ मध्ये त्यांनी काम सोडलं आणि ती पोरं डेव्हिड सदरलँड काढू लागले. थोडीथोडकी नाही, साठ वर्षं! पानावर नावच नसल्यामुळे हात बदललाय हे वाचणाऱ्या पोरांना कळायला मार्गच नव्हता. बॅक्सेंडेल यांनी नंतर आपल्या पात्रांच्या हक्कासाठी कंपनीवर दावा लावला. तो सात वर्षं चालला आणि १९८७ मध्ये कोर्टाबाहेर मिटला.

म्हणून कॉमिकमध्येच कॉमिकचं ऑफिस दिसलं की मी आधी पाहतो, तिथे चित्रकार दिसतो का? त्याला चेहरा, नाव आहे का? की नुसता टेबलामागे बसून हुकूम सोडणारा संपादकच आहे? तुमच्याकडे जे अंक असतील ते या नजरेने चाळून बघा. आणि वाचायला सुरुवात करायची असेल तर ऐंशीच्या दशकातल्या थार्गच्या गोष्टींपासून करा.