खाडीला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांचे गोडे पाणी कसे मोजतात? भरती-ओहोटीमुळे हिशोब चुकत नाही का?

तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर असे की, हे पाणी शक्यतो खाडीत मोजतच नाहीत. डॉप्लर प्रवाहमापक (ध्वनिलहरींवरून पाण्याचा वेग मोजणारे यंत्र) नावेला लावून खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण भरतीचक्रभर, म्हणजे सुमारे १२ तास २५ मिनिटे, फेऱ्या मारता येतात. परंतु भरतीला आत शिरणारे आणि ओहोटीला बाहेर पडणारे पाणी इतके मोठे असते की, त्यांच्या वजाबाकीत उरणारे गोडे पाणी मोजणीतल्या दोन-चार टक्क्यांच्या चुकीतही बुडून जाते. त्यामुळे प्रत्येक प्रवाहावर भरतीचा परिणाम संपतो त्याच्या वरच्या बाजूला केंद्र उभारतात आणि ते आकडे एकत्र करतात.

मी साताऱ्याचा असून कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात जलमापनाचे काम करतो. आमच्या बहुतेक नद्या पूर्वेला जात असल्या तरी तुमचा प्रश्न आम्हाला परका नाही. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री बाणकोटच्या खाडीला मिळते आणि कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जाते. शिवाय फुगवट्याचा त्रास सांगलीकरांनाही ठाऊक आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात, पण तिथल्या एका ठरावीक पातळीला दर वेळी तेवढाच विसर्ग असतो असे नाही. कारण खाली हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा फुगलेली असली की कृष्णेचे पाणी तुंबते, पातळी चढते आणि वेग मात्र मंदावतो. हाच फुगवटा समुद्र खाडीला रोज दोनदा देतो, म्हणून पातळीवरून विसर्ग काढण्याचा नेहमीचा तक्ता तिथे चालत नाही.

जागा निवडताना पाणी चवीला गोडे आहे एवढ्यावर विसंबू नये. खारे पाणी जिथवर पोहोचते त्याच्याही बऱ्याच वर नदीचे गोडे पाणी भरतीमुळे अडून वर-खाली होत असते. उन्हाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत पातळीची सलग नोंद घ्यावी, आणि तिच्यात साडेबारा तासांनी येणारी हलकीशी लाट दिसली तर केंद्र आणखी वर न्यावे.

प्रत्यक्ष मोजणी प्रवाहाच्या आकारावर ठरते. नदीवर काटछेदाचे, म्हणजे पात्राच्या आडव्या छेदाचे, अनेक भाग पाडून प्रत्येक भागाची खोली आणि वेग घेतात. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर एकदा आणि खोल पाण्यात ०.२ व ०.८ पटीवर असा दोनदा प्रवाहमापक धरतात. लहान ओढ्यावर ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेची पाणसांड, म्हणजे पाणी मोजण्यासाठी घातलेला आडवा बांध, उत्तम. खाचेवर पाण्याची उंची २० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे २५ लिटर पाणी जाते, पण तीच उंची ४० झाली की सुमारे १४० लिटर. म्हणजे उंची दुप्पट झाली की विसर्ग साडेपाच पटींहून अधिक होतो, आणि म्हणूनच उंची वाचण्यातली छोटी चूकही महागात पडते. घाटातल्या दगडगोट्यांच्या पऱ्यांवर (डोंगरी ओढ्यांवर) पाणसांड पावसाळ्यात टिकत नाही. तिथे वजन केलेले मीठ विरघळवून ओततात आणि पाणी पुरते मिसळल्यावर खालच्या बाजूला विद्युतवाहकता किती वेळ आणि किती वाढली यावरून विसर्ग काढतात. खाडीत ही रीत निरुपयोगी आहे, हे वेगळे सांगायला नको.

कोकणातले वहाळ काही तासांत चढतात आणि उतरतात. सकाळी आठ वाजता पट्टी वाचून दिवसाचा आकडा लिहिण्याची जी पद्धत मोठ्या नदीवर निभावते, ती इथे पुराचा माथाच गमावते. दर पंधरा मिनिटांनी पातळी नोंदवणारे यंत्र हवेच, आणि पुराने तळ खरवडला की पातळी-विसर्गाचा तक्ता पुन्हा तपासायला हवा.

केंद्राच्या खालचे, न मोजलेले पाणलोट उरतातच. त्यांचा अंदाज शेजारच्या मोजलेल्या पाणलोटाच्या क्षेत्रफळाशी प्रमाण लावून करतात, पण निव्वळ क्षेत्रफळ धरणे मला पटत नाही. आमच्या एका जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यापासून किनाऱ्यापर्यंतही पावसात असाच, जरी एवढा टोकाचा नसला तरी, फरक असतो. तेव्हा प्रमाणात पाऊसही धरावा आणि हा अंदाजित भाग मोजलेल्या भागापासून वेगळा दाखवावा.

तुमची खाडी दाभोळची असेल तर कोयनेचे पाणी स्वतंत्र मोजा. कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्यानुसार वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवता येते. वर्षभर सारखे सोडले असे धरले तर ते सरासरी २,१४० क्युसेक (सेकंदाला घनफूट), म्हणजे सेकंदाला सुमारे ६० घनमीटर होते. एप्रिल-मेमध्ये कोकणातले ओढे आटत आलेले असताना खाडीत येणारे गोडे पाणी प्रामुख्याने हेच असते, आणि विजेच्या मागणीप्रमाणे त्याचा विसर्ग दिवसभरात बदलत असल्याने तासवार नोंद लागते. इथे दुबार मोजणीचा धोका मोठा आहे. पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात साठते आणि तिथून पुढच्या टप्प्याच्या वीजगृहातून वाशिष्ठीकडे जाते. म्हणून सगळ्या टप्प्यांचे विसर्ग मिळवायचे नसतात, तर कोळकेवाडीच्या खालच्या त्या टप्प्याचा विसर्ग आणि कोळकेवाडी धरणाच्या सांडव्यावरून गेलेले पाणी एवढेच धरायचे असते. वाशिष्ठीवरचे तुमचे केंद्र हे पाणी मिळते त्याच्या खाली असेल, तर तेही वेगळे मिळवायचे नाही.