मोठ्या विद्यापीठात शिकायला गेलेल्या भाचीला

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. केमिस्ट्रीच्या हॉलमध्ये चारशे मुलं, मागच्या रांगेतून प्रोफेसरांचा चेहराही नीट दिसत नाही, डिस्कशन सेक्शन (लहान गटाचा तास) घेणारा टीए, म्हणजे सहायक शिक्षक, तुझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा, आणि महिना झाला तरी वर्गात कुणी नावानं हाक मारलेली नाही. ‘मग एवढी फी घेतात ती कशाची?’ असं तू विचारलंस.

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा कडू आहे, पण पहिल्याच सेमेस्टरला कळलेलं बरं. ते विद्यापीठ तुला शिकवण्यासाठी आहे हे खरं, पण फक्त त्यासाठी नाही, आणि बऱ्याचदा आधी त्यासाठी नाही. अमेरिकेतली सरकारी संशोधन विद्यापीठं कशी उभी राहिली ते पाहिलंस तर हे लक्षात येईल. १८६२ साली लिंकनच्या सहीनं मॉरिल कायदा झाला. राज्याच्या काँग्रेसमधल्या दर सदस्यामागे ३० हजार एकर या हिशेबानं राज्यांना जमीन मिळाली. ती विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची, अशी ती योजना. (ती जमीन मुळात कुणाची होती, कुणाला हुसकावून घेतली, हा मोठा विषय आहे. तुझ्या कॅम्पसवर त्यावर एखादा कोर्स असेल तर जरूर घे.) १८८७ च्या हॅच कायद्यानं या कॉलेजांना कृषी संशोधन केंद्रं जोडली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारचा संशोधनाचा पैसा ओतला गेला आणि आज दिसतो तो पसारा झाला.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथल्या कॅम्पसवर मॉरो प्लॉट्स नावाचा शेताचा एक लहानसा तुकडा आहे. १८७६ पासून तिथे पिकांवर प्रयोग चालू आहेत, मका हे त्यातलं मुख्य पीक. पुढे पदवीच्या मुलांसाठी शेजारीच नवं ग्रंथालय बांधायचं ठरलं, तेव्हा इमारतीची सावली पिकावर पडून इतक्या वर्षांच्या नोंदी वाया जातील अशी अडचण निघाली. मग ग्रंथालयच जमिनीखाली बांधलं, दोन मजले. १९६९ साली ते उघडलं आणि २०२२ पर्यंत पोरं तिथे जमिनीच्या पोटात बसून अभ्यास करत होती. मका मात्र उन्हात. मला ही गोष्ट फार आवडते. विद्यार्थ्यांचा अपमान म्हणून नाही, तर अशा जागी कशाला किती वजन असतं हे तिच्यात स्वच्छ दिसतं म्हणून.

तुझ्या विद्यापीठाला ‘आर-१’, म्हणजे संशोधनात सर्वांत वरच्या गटातलं, म्हणतात ना? अमेरिकेतल्या विद्यापीठांचे गट पाडणाऱ्या २०२५ च्या कार्नेगी वर्गीकरणात त्यासाठी दोन अटी आहेत: वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च आणि किमान ७० संशोधनपर डॉक्टरेट. पदवीच्या मुलांना कसं शिकवता, याचा त्यात उल्लेखही नाही. तुझ्या प्रोफेसरची टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, मुख्यतः पेपर आणि ग्रँट (संशोधनासाठी मिळवलेला निधी) यांवर ठरली. ते वाईट शिकवतात असं नाही, मी फार सुंदर शिकवणारे पाहिलेत. पण ते त्यांच्या हौसेनं शिकवतात. तेव्हा कुणी आपल्याकडे बघत नाही म्हणून रुसू नकोस. तिथे कुणीच कुणाकडे बघत नाही, सगळे आपापल्या प्रयोगाकडे बघत असतात. तुलाही त्या प्रयोगाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं आहे. फीचे पैसे वसूल होतात ते तिथे.

आता त्या टीएबद्दल. त्याला कमी लेखू नकोस. तो पीएच.डी. करतोय, म्हणजे दिवसातले बरेच तास कुठल्यातरी लॅबमध्ये असतो. कोणत्या लॅबमध्ये मुलांना शिकवतात, कुठे नुसतं राबवून घेतात, कोणाच्या ग्रँटला मुदतवाढ मिळाली, कोण पुढच्या वर्षी सॅबॅटिकलवर, म्हणजे लांबच्या अभ्यासरजेवर, चाललंय, हे त्याला माहीत असतं आणि कुठल्याही वेबसाइटवर नसतं. सेक्शन संपल्यावर पाच मिनिटं थांबून विचार. एरवी मुलं त्याला फक्त मार्क वाढवून मागायला भेटतात, त्यामुळे दुसरं काही विचारणारं कुणी आलं तर तो खुलतो.

लॅबमध्ये शिरायचं कसं, यावर मात्र सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी नोकरी लॅब मॅनेजर म्हणूनच गेली. प्रोफेसर मुलांचे मेल न वाचता माझ्याकडे ढकलायचे. त्यातले बहुतेक मेल एकाच साच्याचे: ‘आदरणीय महोदय, मला संशोधनाची प्रचंड आवड आहे, आपल्या थोर प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास मी कृतज्ञ राहीन.’ कधी कधी त्यात शेजारच्या इमारतीतल्या प्रोफेसरांचं नाव तसंच राहिलेलं असायचं. असा मेल वाचून करायचं काय?

पाच-सहा ओळी पुरे. मी अमुक वर्षाला, अमुक मेजर (मुख्य विषय). तुमच्या लॅबचा अमुक पेपर वाचला, त्यातली तिसरी आकृती समजली नाही, नियंत्रण गटातही थोडा परिणाम दिसतो तो का? पुढच्या सेमेस्टरला मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एकपासून पाचपर्यंत मी मोकळी आहे. भेटायला येऊ का? बस. पेपर पूर्ण समजायला हवा असं अजिबात नाही. प्रश्न प्रामाणिक हवा. आणि ते वेळेचं वाक्य गाळू नकोस. मी मेल उघडला की आधी तेच शोधायचे. आठवड्याला आठ तास देईन म्हणणारी मुलगी जर ते आठ तास एकेक तासाच्या तुकड्यांत देणार असेल, तर तिला द्यायला लॅबमध्ये काम नसतं. डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करायचं जेल चालायलाच तास जातो. सलग चार तासांचे दोन तुकडे हातात असतील तर तू माणसासारखी उपयोगी पडतेस. म्हणून पुढच्या सेमेस्टरचं वेळापत्रक लावतानाच दोन दुपारी कोऱ्या ठेव, लॅब मिळाल्यावर बघू असं म्हणू नकोस.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर. तरी नाही आलं तर त्याच लॅबमधल्या पोस्टडॉकला (पीएच.डी. झालेल्या संशोधकाला) किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला लिही. हाताखाली माणूस हवा असतो तो त्यांनाच.

सुरुवातीचं काम कंटाळवाणं असेल, हे धरून चाल. पिपेटच्या टिपचे डबे भरा, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) लावा, नळ्यांवर लेबलं लिहा, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बनवा. पण बफर बनवतानाही डोळे उघडे ठेवलेस तर गंमत आहे. ट्रिस बफर घे. खोलीत २५ अंशांना तू पीएच बरोबर ८ ला आणून ठेवलास आणि बाटली कोल्ड रूममध्ये नेलीस, तर ४ अंशांना तो ८.६ च्या आसपास गेलेला असतो. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर इतका सरकतो. ही गोष्ट पुस्तकात असतेच, पण परीक्षेनंतर विसरली जाते. एखाद्याचं प्रथिन कोल्ड रूममध्ये सारखं खराब होत असतं, आणि बाटलीवर पीएचबरोबर तापमानही लिहिणारी पहिल्या वर्षाची मुलगी विचारते, ‘पण तुम्ही पीएच बाहेर लावलात ना?’ त्या दिवसापासून ती मुलगी टिपचे डबे भरत नाही.

लॅब नोटबुकही पहिल्याच दिवशी नीट लाव. पेननं लिहायचं, तारीख घालायची, चुकलं तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. शाळा-कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नलं घरी बसून सुंदर अक्षरात उतरवायची आणि उत्तर आधी माहीत असल्यामुळे रीडिंग त्याला साजेसं बसवायचं, ही विद्या आपल्याकडची बहुतेक मुलं शिकून येतात. ती दाराबाहेर ठेव. तिथे बसवलेल्या रीडिंगला चूक म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात आणि तिची चौकशी होते. ‘प्रयोग फसला, कारण कळलं नाही’ हे वाक्य नोटबुकात पूर्ण सन्मानाचं आहे.

पैशांचं थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, आणि लॅबमधली पगारी नोकरी त्यात मोजली जाते. पगार नसेल तर रिसर्च क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजलं जाणारं श्रेय, देतात का ते विचार, ती चांगली सोय आहे. उन्हाळ्यातल्या आरईयूबद्दल मैत्रिणी बोलतील: नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांतून चालणारे, विद्यावेतन देणारे संशोधन कार्यक्रम. ते विद्यावेतन अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतं, तेव्हा त्या अर्जांवर शनिवार-रविवार घालवू नकोस. तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा उन्हाळी निधी आहे का ते बघ. बऱ्याच ठिकाणी असतो आणि त्याला ही अट असतेच असं नाही.

इतक्या मोठ्या जागेचा आणखी एक फायदा लहान कॉलेजात मिळणार नाही. क्लॉड शॅनननं मिशिगन विद्यापीठातून १९३६ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. जॉर्ज बूलचं तर्कगणित त्याला भेटलं ते तिथल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या त्याच्या प्रबंधात ते गणित विजेच्या रिलेंना लावलेलं होतं आणि डिजिटल सर्किटांचा पाया तिथे घातला गेला. जनरल एज्युकेशनचे, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे सक्तीचे, कोर्स म्हणजे डोक्याला ताप असं तू लिहिलं आहेस. ‘सोपा ए’ मिळतो म्हणून निवडलेस तर तापच आहेत. निवडतानाच जरा वाकडी वाट धर. तुझ्या केमिस्ट्रीशेजारी संख्याशास्त्र तर हवंच, पण विज्ञानाचा इतिहास किंवा मृदाशास्त्र असलं काही का नको? चारशे मुलांचा हॉल सोडून वीस जणांच्या खोलीत बसायची संधीही अशाच कोर्सांत मिळते.

ऑफिस अवर्सबद्दल, म्हणजे प्रोफेसर शंकांसाठी आपल्या खोलीत बसतात त्या वेळेबद्दल, तुला सगळे सांगतातच, जा, जा म्हणून. मी एवढंच म्हणेन की मोकळ्या हातांनी जाऊ नकोस. अडलेलं गणित, जिथे अडलं तिथपर्यंत सोडवून, कागदावर घेऊन जा. परीक्षेच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग असते, तिसऱ्या आठवड्यात खोली रिकामी असते.

आता एक रुक्ष गोष्ट, पण ती चुकली तर महागात पडते. तुला ॲडव्हायझर दोन आहेत असं समज. विभागातला ॲडव्हायझर कोर्स सुचवतो, इंटरनॅशनल ऑफिस तुझा व्हिसा सांभाळतं, आणि हे दोघे एकमेकांशी बोलतीलच असं नाही. पहिला म्हणेल, ‘झेपत नाही तर ऑरगॅनिक ड्रॉप कर, डब्ल्यू लागेल, बिघडत नाही.’ (डब्ल्यू म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची मार्कशीटवरची खूण.) त्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण पदवीच्या एफ-१ विद्यार्थ्याला दर सेमेस्टरला सर्वसाधारणपणे किमान १२ क्रेडिट लागतात. कोर्स सोडून तू त्याखाली गेलीस तर प्रश्न ग्रेडचा राहत नाही, व्हिसाचा होतो. म्हणून ड्रॉपचं बटण दाबायच्या आधी, नंतर नाही, इंटरनॅशनल ऑफिसला विचार. उत्तर मेलवरच घे.

जाता जाता: ताई मला तुझे मार्क विचारते. तिला वाटतं फी भरते म्हणजे विद्यापीठ तिला सांगेल. तिथे १९७४ पासून फेर्पा नावाचा कायदा आहे. तुझ्या संमतीशिवाय ते सहसा तुझे ग्रेड आईबापांनाही सांगत नाहीत. मीही सांगणार नाही. पण मिडटर्म बिघडली असेल तर ताईला तू स्वतः सांग, माझ्यामार्फत नको. ती दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी फोन करेल. मी तिला लहानपणापासून ओळखते.

शिफारसपत्रांचा विचारही आत्ताच कर, तिसऱ्या वर्षी धावपळ नको. मास्टर्स किंवा पीएच.डी.ला सहसा तीन लागतात. ‘हिला माझ्या वर्गात ए मिळाला’ एवढंच लिहिलेल्या पत्राला किंमत नसते, ते तुझी मार्कशीटही सांगतेच. ज्यानं तुला फसलेला प्रयोग पुन्हा लावताना पाहिलंय त्याचं पत्र चालतं. लॅबमध्ये तसं पत्र बहुधा पोस्टडॉक लिहितो आणि सही प्रोफेसर करतात. हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही.

तर आत्ता करायचं काय? विभागाच्या पानावरून पाच लॅब निवड, प्रत्येकीचा एक अलीकडचा पेपर काढ, निदान त्यातल्या आकृत्या वाच. पहिला मेल लिहून झाला की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. दुसऱ्यापासून तुझं तू. हे सगळं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरक. थँक्सगिव्हिंगनंतर परीक्षा लागतात आणि मेलना उत्तरं येत नाहीत. आणि जानेवारीत लिहिलंस तर जागा बहुतेक भरलेल्या असतात.

तुझी,
मावशी