पाकिस्तानचे वीजकर्ज फेडूनही का साचते?

प्रश्न : पाकिस्तानच्या वीजक्षेत्रातील ‘चक्राकार कर्जा’बद्दल वारंवार वाचनात येते. सरकारने ते एकदा फेडले असतानाही पुन्हा कसे साचले? वीजचोरी हेच त्याचे मुख्य कारण आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पेशावर, क्वेट्टा, सुक्कुर येथील वितरण कंपन्यांची गळती (चोरी आणि तारांत वाया जाणारी वीज) आणि थकलेली बिले मोठी आहेत, हे खरे. ‘नेप्रा’ ही नियामक संस्था दर ठरवताना जेवढी गळती मान्य करते, त्याहून अधिक झालेली गळती थेट थकबाकीत जाते. मग मध्यवर्ती वीजखरेदी संस्था निर्मिती कंपन्यांचे पैसे थकवते आणि त्या कंपन्या इंधन पुरवठादारांचे; थकबाकीची हीच साखळी म्हणजे चक्राकार कर्ज. सरकारी अनुदानही वेळेवर येत नाही. तरीही सगळा दोष ग्राहकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

कारण मूळ दुखणे करारांत आहे. खासगी भांडवल यावे म्हणून १९९४ च्या वीजधोरणाने गुंतवणूकदारांना अशी हमी दिली, की वीज घेतली नाही तरी प्रकल्पाचा स्थिर आकार (प्रकल्प सज्ज ठेवण्याबद्दलची ठरावीक रक्कम) मिळेल आणि परतावा डॉलरशी जोडलेला राहील. पुढे साहिवाल, पोर्ट कासिम येथील चिनी कर्जावर उभ्या राहिलेल्या कोळसा प्रकल्पांनाही अशाच सवलती मिळाल्या. त्यामुळे पाकिस्तानी रुपया घसरला की न वापरलेल्या विजेचेही देणे वाढते. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वाद ज्यांना आठवतो, त्यांना ही अट ओळखीची वाटेल.

२०१३ मध्ये नवाझ शरीफ सरकारने सत्तेवर येताच सुमारे ४८० अब्ज रुपये चुकते केले, पण करार, गळती आणि वसुली यांना हात न लावल्याने २०२३ पर्यंत थकबाकी २,३०० अब्जांवर गेली. २०२५ मध्ये १८ बँकांकडून १,२२५ अब्ज रुपये उभे करण्याचे ठरले असून त्यांची परतफेड ग्राहकांच्या बिलातील प्रतियुनिट ३.२३ रुपयांच्या अधिभारातून व्हायची आहे. नियमित बिल भरणाऱ्यालाच पुन्हा भुर्दंड, ही गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. ज्यांना परवडते ते छतावर सौर पॅनेल बसवून ग्रीडची वीज कमी करत आहेत, आणि स्थिर आकाराचा बोजा भाडेकरू व गरीब कुटुंबांच्या युनिटांवर सरकतो आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हब प्रकल्पासह पाच जुने करार मुदतीआधी संपवण्यात आले. इलाज याच दिशेने आहे. चिनी प्रकल्पांच्या अटी बदलणे मात्र अवघड आहे, कारण तिथे कर्जदार आणि सावकार यांच्यामागे दोन सरकारे उभी आहेत.