वाचकांचे प्रश्न : स्प्रिंटमध्ये बाद का व्हायला होतं?

प्रश्न : भाची स्वीडनमध्ये ओरिएंटिअरिंग (नकाशा वाचत ठरलेली ठिकाणं क्रमाने गाठायची धावण्याची शर्यत) करते. ज्युनिअर जागतिक स्पर्धेची तयारी चालू आहे. जंगलात उत्तम धावते, पण शहरातल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या वेगवान शर्यतीत, दोनदा बाद झाली. काय चुकत असेल?

उत्तर : पाय नाही, नकाशा वाचणं. जंगलातल्या मिडल (मध्यम अंतराच्या) शर्यतीचा नकाशा १:१०,००० असतो, १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. स्प्रिंटचा १:४,०००, तिथे तेवढीच रेघ ४० मीटरची. जंगलाची सवय झालेला डोळा वळण मागे टाकतो. मग घाईत भिंतीवरून उडी! नकाशावर जाड काळ्या रेघेची भिंत असेल, तर ती कमरेएवढी असली तरी ओलांडायची नाही. ऑलिव्ह हिरव्या भागातही पाय टाकायचा नाही.

दुसरा धोका शेजारच्या कंट्रोलचा, म्हणजे झेंडा लावलेल्या ठिकाणाचा. नारिंगी-पांढरा झेंडा दिसला की हात आपोआप पुढे जातो. आधी वर्णनपत्रिकेतला (कंट्रोलच्या यादीतला) कोड जुळवायचा, मगच पंच, म्हणजे पोहोचल्याची नोंद. चुकीचा पंच झालाच, तर घाबरू नये; बरोबर कंट्रोल शोधून पुढचे क्रमाने घ्यावेत, जादा पंचाने बाद करत नाहीत. कंट्रोल गाळला, तर मात्र बादच.

नकाशा घडी घालून अंगठा कायम नकाशावर आपण असू त्या जागी ठेवायची सवय तिला आजपासून लावा. वयाचंही पाहा : ज्या वर्षी २० पूर्ण होतात, ते ज्युनिअर स्पर्धेचं शेवटचं वर्ष.